४, ६ आणि ८ बसणार कुठे?

गेल्या अंकातलं कोडं असं होतं : १ ते ९ हे नऊ अंक प्रत्येकी एकदाच वापरायचे, एकही गाळायचा नाही, आणि त्यांतून मूळ संख्या तयार करायच्या. संख्या किती अंकी असावी आणि एकूण किती असाव्यात, यावर बंधन नाही. त्या सगळ्यांची बेरीज कमीत कमी किती येईल?

पत्रं पेडण्यापासून काणकोणपर्यंत आली. ज्या पत्रांतून सगळ्यांना काही मिळेल अशी निवडली आहेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण कोड्याचा गाभा तिथेच आहे.

प्रश्न : जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे नऊ तुकडे कापले, त्यांवर अंक लिहिले आणि जुळवत बसलो. ५, २३, ४१, ६७, ८९ असा संच मिळाला. बेरीज २२५. याच्या खाली जाता येईल का? आणि ‘आता याहून कमी नाहीच’ हे कशावरून ठरवायचं?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : जाता येतं, आणि तेही तुमच्याच संचातून. २३ची जोडी सोडवा. २ आणि ३ दोन्ही स्वतंत्रपणे मूळ संख्या आहेत. २३च्या जागी २ + ३ = ५ आले, म्हणजे बेरीज १८ने उतरली आणि २०७ झाली. नवा संच : २, ३, ५, ४१, ६७, ८९.

आता दुसरा भाग, जो खरा महत्त्वाचा आहे. पुठ्ठ्याचे तुकडे फिरवून चांगलं उत्तर सापडतं, पण तेच सर्वांत लहान आहे हे तुकडे सांगू शकत नाहीत. त्यासाठी कोणता अंक कुठे बसू शकत नाही, हे आधी बघावं लागतं.

४, ६ किंवा ८ एककस्थानी आला की संख्या सम होते, आणि सम मूळ संख्या एकच, ती म्हणजे २. म्हणून या तीन अंकांना एककस्थान बंद. त्यांच्या उजवीकडे आणखी एक अंक हवाच. त्यातल्या त्यात स्वस्त जागा म्हणजे दशकस्थान. तिथे त्यांची किंमत १० × (४ + ६ + ८) = १८०. उरलेले सहा अंक १, २, ३, ५, ७, ९ जास्तीत जास्त स्वस्तात बसवायचे तर सगळे एककस्थानी. त्यांची किंमत २७. एकूण २०७. कोणतीही मांडणी घ्या, याहून कमी येणं शक्य नाही.

इथे घाई करू नका. २०७ ही खालची मर्यादा झाली. तिथवर पोचता येतं हे वेगळं दाखवावं लागतं. अनेक पत्रांत हिशेब २०७पर्यंत बरोबर आहे, पण संच दिलेलाच नाही. ते उत्तर अर्धंच आहे.

संच बसवताना सर्वांत हट्टी अंकापासून सुरुवात करा. २ आणि ५ एककस्थानी असतील तर एकटेच असणार, कारण ज्या मोठ्या संख्येच्या शेवटी २ किंवा ५ येतो तिला अनुक्रमे २ने किंवा ५ने भाग जातो. उलट १ आणि ९ एकटे राहू शकत नाहीत. १ मूळ नाही, आणि ९ म्हणजे ३ × ३. त्यांना डावीकडे ४, ६, ८पैकी कोणीतरी लागणार. ९ घ्या : ४९ = ७ × ७ बाद, ६९ = ३ × २३ बाद, ८९ मूळ. म्हणजे ८९ ठरलीच, तिथे पर्याय नाही. मग १साठी ४१ किंवा ६१. ४१ घेतली तर ६च्या जोडीला ३ किंवा ७ उरतात. ६३ला ३ने भाग जातो, म्हणून ६७. ६१ घेतली तर ४च्या जोडीला ३ही चालतो, ७ही चालतो. ४३ आणि ४७ दोन्ही मूळ आहेत.

म्हणून नेमके तीन संच :

२, ३, ५, ४१, ६७, ८९
२, ३, ५, ४७, ६१, ८९
२, ५, ७, ४३, ६१, ८९

तिन्हींची बेरीज २०७. ‘माझं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी जुळत नाही’ असं लिहिणाऱ्या मडगावच्या दोन वाचकांनी हे तीन संच पडताळून पाहावेत. दोघांचंही बरोबर आहे.

प्रश्न : बेरीज २०७ आली नाही तर पुढची २२५ येते असं दिसतं. मधली २१६ मला कधीच मिळाली नाही. माझं काही चुकतंय का?
(शिक्षिका, साखळी)

उत्तर : काही चुकत नाही, निरीक्षण सुरेख आहे. एखादा अंक एककाच्या जागेवरून दशकाच्या जागी गेला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे मूळ किमतीत नऊपट भर पडते. नऊही अंकांची साधी बेरीज ४५. तीही ९च्या पटीत. म्हणून नियमात बसणाऱ्या कोणत्याही मांडणीची बेरीज ९च्या पटीतच येणार. २०७नंतरची पट २१६.

२१६ हवी तर दशकस्थानच्या अंकांची बेरीज १८ऐवजी १९ पाहिजे, म्हणजे ४, ६, ८च्या सोबत १ही दशकस्थानी. मग दोनअंकी संख्या झाल्या चार, आणि त्यांच्या शेवटी बसायला उरले फक्त ३, ७, ९, कारण २ आणि ५ तिथे चालत नाहीत. चार संख्या आणि तीन शेपट्या. जमणार नाही. २ दशकस्थानी गेला तर मात्र १, ३, ७, ९ या चारही शेपट्या मोकळ्या राहतात आणि २२५ जमते. डिचोलीच्या वाचकांचा संच तोच.

या ९च्या नियमाचा रोजचा उपयोगही आहे. एका पत्रात २, ५, ७, ४३, ६१, ८९ हा संच अगदी बरोबर आहे, पण बेरीज २०९ लिहिली आहे. २ + ० + ९ = ११. ९ने भाग जात नाही, म्हणजे बेरीज चुकली, किंवा एखादा अंक दोनदा आला, किंवा गळला. पत्र पाकिटात घालण्याआधी हा ताळा करून पाहा.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या जुन्या पुस्तकात १ ही मूळ संख्या मानली आहे. तसं धरलं तर उत्तर आणखी कमी होईल ना?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : जुन्या पुस्तकांत तसं सापडतं हे खरं. १९१४ साली अमेरिकन गणिती डी. एन. लेमर यांनी एक कोटीच्या पलीकडे जाणारी मूळ संख्यांची यादी छापली, तिची सुरुवातही १पासूनच आहे. पुढे ही प्रथा मागे पडली. कारण असं की, प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते, हा सगळ्या अंकगणिताचा आधार आहे. १२ म्हणजे २ × २ × ३, दुसरी रीत नाही. १ला आत घेतलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तितक्या रीती होतात आणि प्रत्येक नियमाला ‘१ सोडून’ अशी पुरवणी जोडावी लागते.

पण तुमच्या प्रश्नातली गंमत वेगळीच आहे. १ मूळ धरला तरी बेरीज कमी होत नाही! २०७ची मर्यादा ४, ६, ८मुळे आली होती. त्यात १चा हात नाही. फक्त एक संच वाढतो. १ एकटा राहिला, ९साठी ८९ तशीच, आणि ४ व ६ यांच्यासाठी ३, ७ उरले. ४७ घेतली तर ६३ येते, ती बाद. ४३ आणि ६७ जमतात. संच १, २, ५, ४३, ६७, ८९. बेरीज पुन्हा २०७.

प्रश्न : मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. त्याने उत्तर ५४ दिलं! संच : २, ४, ५, ६, ७, ८, ९, १३. ४ आणि ९ मूळ नाहीत हे मला कळतंय, पण प्रोग्राममध्ये चूक सापडत नाही. वर्गमूळापर्यंतच भाग घालून पाहिले आहेत.
(अकरावीची विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : तुझी चूक एका अंकाची आहे, आणि ती नेमकी कुठे हे तुझ्या उत्तरातच लिहिलेलं आहे. तू ‘रेंज’ला (ओळीने आकडे देणाऱ्या आज्ञेला) सुरुवात २ आणि शेवट वर्गमूळाचा पूर्णांक असं दिलं आहेस. पायथॉनमधली ‘रेंज’ शेवटचा आकडा धरत नाही. ९ घे. वर्गमूळ ३. तू २पासून ३पर्यंत सांगितलंस, त्याने फक्त २ तपासला. ३ने भाग घालून पाहिलाच नाही, म्हणून ९ मूळ ठरली. ४, ६, ८ यांच्या बाबतीत तर वर्गमूळाचा पूर्णांक २, म्हणजे तपासायला एकही आकडा उरला नाही. न तपासता तिन्ही पास झाल्या.

मग १ सोडून सगळे अंक एकेकटे चालले. १ला तेवढी जोडी हवी होती, म्हणून तो दशकस्थानी गेला : ४५ + ९ = ५४. प्रोग्रामने दिलेल्या चुकीच्या मूळ संख्यांवर त्याचा हिशेब चोख आहे.

इलाज : शेवटच्या आकड्यात १ मिळव. वर्गमूळासाठी दशांशातलं वर्गमूळ काढून पूर्णांक करण्यापेक्षा ‘मॅथ’मधलं ‘isqrt’ वापर. ते पायथॉन ३.८पासून आहे आणि थेट पूर्णांकच देतं. फार मोठ्या संख्यांत दशांशाची चूक होते, ती यात होत नाही.

दुरुस्तीनंतर फक्त ७, ११, १३ अशा संख्यांवर चाचणी घेऊ नकोस. त्या जुन्या प्रोग्राममध्येही बरोबरच येत होत्या. ९, १५, २५, ३५, ४९ आणि १४३ घालून बघ. या सगळ्यांचा सर्वांत लहान मूळ अवयव वर्गमूळाच्या पूर्णांकाइतकाच आहे. १४३ = ११ × १३, आणि वर्गमूळ १२ला थोडं कमी, म्हणजे पूर्णांक ११. जुना प्रोग्राम अशाच संख्या सोडून देत होता.

प्रश्न : २०२७ आणि २०२९ ही जोडमूळ संख्यांची जोडी आहे असं ऐकलं. कॅल्क्युलेटरशिवाय कसं तपासायचं?
(एक वाचक, वाळपई)

उत्तर : ४५ × ४५ = २०२५. दोन्ही संख्यांचं वर्गमूळ ४५च्या किंचित वर, म्हणून ४३पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग घालून पाहिलं की पुरे. २ आणि ५ शेवटच्या अंकावरूनच बाद होतात. बाकीच्यांनी २०२७ला भागल्यावर बाकी अशी येते : ३ने २, ७ने ४, ११ने ३, १३ने १२, १७ने ४, १९ने १३, २३ने ३, २९ने २६, ३१ने १२, ३७ने २९, ४१ने १८, ४३ने ६. शून्य कुठेच नाही, म्हणून २०२७ मूळ.

२०२९साठी पुन्हा भागाकार करू नका, हीच यादी वापरा. २०२९ ही २ने मोठी, म्हणून तिला भाग जायचा तर वरच्या यादीत बाकी भाजकापेक्षा नेमकी २ने कमी असायला हवी. ३ला १ हवी होती, आली २. ७ला ५ हवी होती, आली ४. १३ला ११ हवी होती, आली १२. २९ला २७ हवी होती, आली २६. बाकीच्या तर जवळपासही नाहीत. २०२९ही मूळ.

एक सावधगिरी. ‘४१पर्यंत केलं, आता पुरे’ म्हणून थांबणारे फसतात. २०२१ घ्या. ४१पर्यंत कशानेही भाग जात नाही, आणि ती आहे ४३ × ४७.

प्रश्न : गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ने सुरू होतात. त्यांत मूळ संख्या कोणती? आमच्या म्हापशाचा ४०३५०७ विषम आहे आणि ३, ५, ७ने भागही जात नाही.
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : हा प्रश्न आम्हांला फार आवडला, कारण ४०३ स्वतःच देखणी आहे : १३ × ३१. दोन मूळ संख्या, आणि एक उलटी वाचली की दुसरी. त्यामुळे ४०३०००ला १३नेही भाग जातो, ३१नेही जातो. म्हणजे गोव्याच्या कोणत्याही पिनकोडचे फक्त शेवटचे तीन अंक बघून १३ आणि ३१चा निकाल लागतो. म्हापशाचे शेवटचे तीन ५०७. ५०७ = १३ × ३९. सापडलं! ४०३५०७ = १३ × ३१०३९. मूळ नाही.

७, ११ आणि १३ एका दमात तपासायची रीतही इथे उपयोगी पडते. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून सहाअंकी संख्येच्या शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करा आणि उरलेली लहान संख्या तपासा. मडगावचा ४०३६०१ : ६०१ − ४०३ = १९८ = ११ × १८. म्हणून ११ने भाग जातो, ४०३६०१ = ११ × ३६६९१. फोंड्याचा ४०३४०१ : अंकांची बेरीज १२, ३ने गेला. वास्कोचा ४०३८०२ सम.

राहिला पणजीचा ४०३००१. तो मूळ आहे. पण हे असं पटकन सांगता येत नाही. ६३५ × ६३५ = ४०३२२५, म्हणून ६३५च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग घालून पाहावा लागतो, आणि त्या आहेत ११५. काही फुकटात सुटतात. ४०३००० = २ × २ × २ × ५ × ५ × ५ × १३ × ३१, म्हणून २, ५, १३, ३१ या चारही भाजकांनी ४०३००१ला बाकी १. अंकांची बेरीज ८, म्हणून ३ बाद. ४०३ − १ = ४०२ला ७ने भाग जात नाही, ११नेही नाही. उरले १०८ भागाकार. ते करायचे तर वहीत भाजक, भागाकार, बाकी असे तीन रकाने आखा आणि भाजकांची यादी आधी लिहून काढा. एकेक आठवत पुढे गेलं की मधला एखादा राहून जातो. ४३९पाशी आलात की जपून. ४३९ × ९१८ = ४०३००२. एकाने चुकतो. घाईत तिथे भाग गेला असं वाटतं.

प्रश्न : गोव्यातल्या कोणी मूळ संख्यांवर संशोधन केलं आहे का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्म, १९६६ साली पुण्यात निधन. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण ते मुळात गणिती. १९४५पासून १९६२पर्यंत ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात याचा विचार त्यांनी संभाव्यतेच्या अंगाने केला, आणि १९६०च्या दशकात यावरचे काही लेख ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापले. मूळ संख्यांच्या विखुरणीशी जोडलेलं रीमानचं गृहीतक सिद्ध करण्याचा त्यांचा प्रयत्न गणितज्ञांनी मान्य केला नाही. ते गृहीतक आजही सुटलेलं नाही.

या अंकाचं कोडं

आता शून्यही आत घ्या. ० ते ९ हे दहा अंक प्रत्येकी एकदाच वापरून मूळ संख्या तयार करा. ० संख्येच्या सुरुवातीला चालणार नाही. कमीत कमी बेरीज किती, आणि असे संच किती?

सुरुवात ०पासूनच करा. तो शेवटी बसू शकत नाही आणि सुरुवातीलाही नाही, म्हणून किमान एक तीनअंकी संख्या लागणारच. २०७मध्ये ज्या शेपट्या पुरल्या, त्या आता पुरतात का ते मोजा. शून्याच्या डावीकडे २ ठेवावासा वाटेल. ठेवण्याआधी २०१, २०३, २०७, २०९ या चारही तपासा. ४ ठेवलात तर ४०३ला हात लावू नका. ती कशी फुटते ते वर आलंच आहे. उत्तरासोबत संच हवेत, आणि याहून कमी का नाही याचं कारणही हवं.